पन्ना : सफारी एकच करा, दुसरीचे पैसे पारध्यांबरोबर चालायला ठेवा

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना खालपर्यंत यायला नको. नुसता वाघच बघायचा असेल तर नागपूरहून जवळपास पाचशे किलोमीटर गाडी हाणत मध्य प्रदेशातल्या पन्नाला जाण्यात काही अर्थ नाही. ताडोबा जवळ, पेंच त्याहून जवळ, आणि वाघ दिसायची शक्यताही आपल्याकडेच जास्त. पण एखाद्या जंगलातला वाघ पार संपल्यावर तो परत कसा आणतात, त्यासाठी कुणाकुणाला हाताशी धरावं लागतं आणि त्यात गावच्या माणसाच्या पदरात काय पडतं, हे बघायचं असेल तर पन्नाला जाच. आम्ही तिथे दोन गोष्टींवर पैसे खर्च केले. एक पार्कातली जिप्सी सफारी, दुसरी पारधी वाटाड्यांबरोबर बफरमधली, म्हणजे पार्काभोवतीच्या पट्ट्यातली, पायी फेरी. सफारीला पाचपैकी साडेतीन. फेरीला साडेचार, आणि कापलेला अर्धा गुण खरं तर लॉजच्या खात्यावर टाकायला हवा. का ते पुढे येईल. लॉजला दोन. त्याचं नाव लिहीत नाही.

बरोबर आत्या होती. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, जीभ शाबूत. मी लेखा विभागात नोकरी करते, त्यामुळे पैसा कुठून निघाला आणि कुठे पोचला हे बघायची खोड आहे. सुट्टीतही ती जात नाही.

थोडं मागचं सांगायला हवं, कारण ते माहीत नसेल तर पन्ना म्हणजे साग आणि करधईचं कोरडं, खडकाळ रान एवढंच वाटेल. 1994 पासून हा वाघ प्रकल्प. 2009 मध्ये इथे एकही वाघ उरला नव्हता. शिकारीने संपवले. राजस्थानात सरिस्काचं हेच होऊन चार-पाच वर्षं झाली होती, म्हणजे धडा समोर होता. डॉ. रघु चुंडावत इथे अनेक वर्षं वाघांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास करत होते, वाघ कमी होताहेत म्हणून ते आधीपासून सांगत होते. कागदावर मात्र वाघ होते. हिशेबात शिल्लक दिसते आणि पेटी उघडली की रिकामी, हा प्रकार आमच्याकडेही बघितलेला आहे. फक्त तिथे पेटीत वाघ असायला हवे होते.

मार्च 2009 मध्ये दोन वाघिणी आणल्या. बांधवगडहून टी-1 रस्त्याने आली, कान्ह्याहून टी-2 हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने. पन्नात एक नर अजून आहे असं धरून चालले होते. तो नव्हताच. मग नोव्हेंबरात नर आणला, टी-3, आणि हा आमच्या पेंचचा. म्हणजे मध्य प्रदेशाकडच्या पेंचचा, पण जंगल एकच, मधली रेघ वाघाला कुठे दिसते? इथून पुढची गोष्ट आम्हाला जिप्सीतल्या गाईडने सांगितली, आणि तिथल्या प्रत्येक गाईडला ती पाठ असावी. सोडल्यावर थोड्याच दिवसांत टी-3 साहेबांनी दक्षिणेची वाट धरली. घराकडची. छतरपूर, सागर, दमोह असे जिल्हे ओलांडत, शेतांतून, नाल्यांतून, गावांच्या कडेकडेने 400 किलोमीटरहून जास्त चालला. मागे हत्ती, जिप्सी, अँटेना धरलेली वनखात्याची माणसं. डिसेंबरच्या शेवटी त्याला बेशुद्ध करून परत आणलं. पुन्हा पळू नये म्हणून भोपाळच्या वनविहारातल्या वाघिणीचं मूत्र आणून रानात शिंपडलं. यावर आत्या एवढी हसली की पुढच्या सीटवरचा ड्रायव्हरही वळून बघायला लागला. पण युक्ती लागू पडली. 16 एप्रिल 2010 ला टी-1 ला चार पिल्लं झाली. दरवर्षी त्या तारखेला पन्नात पहिल्या पिल्लाचा वाढदिवस करतात.

मला त्या गोष्टीतला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटला. महिनाभर एक परका वाघ लोकांच्या शिवारातून चालत राहिला आणि जिवंत परत आला. आमच्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे वाघ आणि माणूस रोज एकमेकांना आडवे येतात, तेव्हा ही गोष्ट किती अवघड आहे हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. शेतात वाघ आहे म्हटल्यावर विजेची तार ओढणारे हात असतात. तेव्हाचे क्षेत्र संचालक श्रीनिवास मूर्ती यांनी हे ओळखलं होतं. वाघ संपला तेव्हा पन्नातल्या बऱ्याच लोकांना हायसं वाटलं होतं, कारण पार्क म्हणजे लाकूड बंद, चराई बंद, रस्ता बंद. तिथे नुसते वाघ आणून ओतले असते तर पुन्हा तेच झालं असतं. म्हणून त्यांनी गावोगाव माणसं जोडायला घेतली, मुलांची आणि मोठ्यांची नेचर कॅम्प सुरू केली, आणि घोषणा दिली, ‘जन समर्थन से बाघ संरक्षण’. घोषणांवर माझा विश्वास पटकन बसत नाही, सरकारी भिंती वाचण्यातच नोकरीची वर्षं गेली आहेत. पण आज पन्नात पन्नासच्या वर वाघ आहेत, आणि तिथले वाघ बाहेर पडून सतना, चित्रकूटकडे, उत्तर प्रदेशातल्या राणीपूरपर्यंत पोचतात. हे काही भिंतीवर लिहून होत नाही.

आता सफारी. आम्ही मडला गेटवरून सकाळची फेरी घेतली. बुकिंग मध्य प्रदेश वनविभागाच्या पोर्टलवर आधीच केलं होतं. बुकिंगला जे ओळखपत्र टाकाल तेच मूळ कागद म्हणून गेटवर न्या, मोबाइलातला फोटो दाखवून वाद घालणारं एक कुटुंब आमच्यासमोर ताटकळत होतं. एका जिप्सीत जास्तीत जास्त सहा जण. गाईड आजूबाजूच्या गावचाच असतो, तो घ्यावाच लागतो, आणि ते योग्यच आहे.

जंगल तीन पायऱ्यांचं आहे. वरचं पठार, मधलं पठार आणि खाली केन नदीचं खोरं. ताडोबाच्या बांबूची सवय असलेल्या डोळ्यांना हे पहिल्यांदा उघडं-बोडकं वाटतं. फेब्रुवारी संपता संपता करधई तर वाळलेल्या काटक्यांचा भारा झालेली असते. गाईड म्हणाला, हिला मेलेली समजू नका, हवेत जरा दमटपणा आला तरी हिरवी होते, पाऊस पडायचीसुद्धा वाट बघत नाही. धुंधवा सेहाला जरूर थांबा. सेहा म्हणजे तिथली खोल घळ. कड्यावर गिधाडं बसलेली असतात, लांब चोचीची, आणि तुम्ही वरच्या काठावर उभे असल्यामुळे उडणारी गिधाडं तुमच्या पायांच्या खाली असतात. गिधाडाची पाठ बघायला मिळते, ही साधी गोष्ट नाही. आत्या तिथून हलेना. ‘वाघ काय, टीव्हीवर पण दिसते. हे पाहू दे मले निवांत,’ असं तिने ड्रायव्हरला ऐकवलं, आणि तो बिचारा घड्याळ बघत बसला.

वाघही दिसला. वाघीण. नाल्याच्या पलीकडून आली, रस्ता ओलांडला, गवतात गेली. गाड्या मोजक्या होत्या, आरडाओरडा नव्हता, कुणी जिप्सी आडवी घातली नाही. ताडोबाच्या सुट्टीतल्या गर्दीपुढे हे फारच सभ्य. फोटोत पाठ आणि शेपूट आली आहे.

गाईडने तिचा नंबर सांगितला. पन्नात वाघांना नावं कमी, नंबर जास्त. पी म्हणजे पन्नात जन्मलेला. मग त्याने पी-243 ची हकीकत सांगितली. 2021 च्या मे महिन्यात पी-213(32) ही वाघीण मेली, मागे चार पिल्लं, आठेक महिन्यांची. नर वाघ पिल्लं सांभाळत नाहीत असंच सगळे मानतात. पण हा पी-243 पिल्लांच्या आसपास राहायला लागला, शिकार त्यांना खाऊ द्यायला लागला. वनखात्याने पिल्लं पकडून पिंजऱ्यात न घालता कॅमेरे लावून लक्ष ठेवायचं ठरवलं आणि पिल्लं रानातच मोठी झाली. त्या आधीही पन्नात असं अवघड काम झालं होतं. टी-4 आणि टी-5 या कान्ह्यातल्या पोरक्या बहिणी, माणसांनी वाढवलेल्या. 2011 मध्ये त्यांना इथल्या रानात सोडलं, आणि टी-4 ने पुढे रानातच पिल्लं दिली. हे सगळं सांगताना गाईडचा सूर घरच्या पोरांबद्दल बोलावं तसा होता. मी त्याला विचारलं, सगळ्या गावाला असंच वाटतं का? तो हसला. ‘जिनकी भैंस गई है उनसे पूछिए, मैडम.’ या एका उत्तरासाठी मी सफारीला अर्धा गुण वाढवला. उरलेला दीड गुण गेला तो खड्ड्यांमुळे, आणि आत्याच्या गुडघ्यांसाठी जिप्सीत चढायला साधी पायरी नव्हती म्हणून.

संध्याकाळी लॉजवर परत आल्यावर खरी गंमत. रिसेप्शनवरच्या मुलाला पारध्यांच्या फेरीबद्दल विचारलं तर त्याने दुसऱ्या सफारीचे दर पुढे केले. ‘उसमें तो बस चलना है मैडम, टाइगर नहीं दिखेगा.’ मी म्हटलं, चालायचंच आहे. मग त्याने फोन केले, उद्या नाही परवा जमेल म्हणाला, शेवटी आत्याने आवाज चढवल्यावर उद्याचंच जमलं. त्याच लॉजच्या भिंतीवर एका पारधी माणसाचा मोठा फोटो लावला आहे, मिशा, पागोटं, खाली ‘शिकारी ते रक्षक’ अशा अर्थाची ओळ. फोटो भिंतीवर आणि माणूस कुठे भेटेल ते माहीत नाही! खोली ठीक, पाणी गरम, सकाळी बांधून दिलेला नाश्ता म्हणजे गारढोण सँडविच आणि प्लास्टिकच्या तीन पिशव्या. जंगलाच्या दारात प्लास्टिक देणाऱ्या लॉजला दोनच गुण, तेही आंघोळीच्या पाण्याचे.

फेरी सूर्य उगवल्यावर लगेच सुरू झाली. दोन वाटाडे. एक पन्नाशीचा, अंगाने सुकलेला, बोलणं कमी. दुसरा विशी-पंचविशीचा, तो सांगणारा. मुंबईच्या लास्ट विल्डरनेस फाउंडेशनने वनविभागाबरोबर पारधी तरुणांना या कामासाठी तयार केलं आहे. पारधी आपल्याला काही नवे नाहीत. फासेपारधी विदर्भात आहेत, मराठवाड्यात आहेत, आणि त्यांच्याबद्दल आपण काय बोलतो तेही आपल्याला माहीत आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, पारधी त्यात आले. 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून निघाला. गावात चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा कुणाच्या पालावर जातात हे मात्र आजही सगळ्यांना ठाऊक असतं. पन्नातला वाघ संपला तेव्हाही पहिलं बोट त्यांच्याकडेच गेलं. शिकारीत काही पारध्यांचा हात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कातडं आणि हाडं विकत घेणारा पालावर राहत नव्हता. त्याचा फोटो कुठल्या लॉजच्या भिंतीवर नाही.

ओढ्याच्या काठाने वाट जाते, चढ-उतार फारसा नाही. दोन-अडीच तास लागले. आत्याच्या चालीने ते चालले, एकदाही ‘जरा लवकर’ म्हणाले नाहीत. थोरल्याच्या पायात साध्या चपला होत्या आणि सुक्या पानांवरून त्याचा आवाज येत नव्हता. आम्ही दोघी बूट घालून बैलगाडीसारख्या वाजत होतो.

ओढ्याच्या वाळूत पंजे दिसले. आपल्याकडच्या गाईडांकडून मी हे बरंच ऐकलंय, नराचा पंजा चौकोनी, मादीचा जरा लांबट, वगैरे. इथे थोरला उकिडवा बसला आणि काडीने एका पंज्याच्या टाचेशी दाखवलं. एक बारीक, टाके घातल्यासारखी रेघ टाचेवरून आडवी गेली होती. किड्याच्या पायांची. धाकटा सांगायला लागला, हे किडे रात्री फिरतात. रेघ पंज्याच्या वर आहे, म्हणजे वाघीण आधी गेली, किडा नंतर. म्हणजे ती काल संध्याकाळी उशिरा किंवा रात्रीच्या सुरुवातीला इथून गेली, पहाटे नाही. मग थोरल्याने चार पावलं पुढचा दुसरा पंजा दाखवला. तिथे पुढची बोटं वाळूत जास्त रुतलेली आणि मागे वाळू उडालेली. इथे ती थांबली नाही, पळाली. काहीतरी दिसलं असणार. कशामागे पळाली ते शोधायला तो पलीकडच्या काठावर गेला आणि चितळाच्या खुरांची फाकलेली नक्षी दाखवली. पुढे ओरखडे नाहीत, फरफटल्याची खूण नाही. ‘छूट गया,’ एवढंच थोरला बोलला. आदल्या रात्रीचा अख्खा प्रसंग त्याने हातभर वाळूतून वाचून दाखवला आणि आम्ही दोघी तिथे शाळेतल्या पोरींसारख्या उकिडव्या बसून. उठताना आत्याला मी आणि धाकट्याने दोन्हीकडून धरलं.

मग तितर. थोरल्याने तोंडापुढे हाताचा द्रोण केला, गाल आत ओढले आणि घशातून जो आवाज काढला तो माणसाचा वाटेना. टणक, चढत जाणारा. घाणेरीच्या जाळीमागून उत्तर आलं. याने पुन्हा दिला, त्याने पुन्हा दिलं, जवळून. तिसऱ्या वेळी तितर उघड्यावर आला, मान ताठ, भांडायला आलेला. माझी फोनमध्ये रेकॉर्डिंग सुरू करायची गडबड, तोवर तो गेला. मी म्हटलं, दादा, अजून एकदा. थोरल्याने मान हलवली. धाकट्याने सांगितलं, आता हे दिवस त्यांच्या जोड्यांचे आहेत, सारखं सारखं फसवलं तर तो त्याची जागा सोडून इकडेच धावत राहील. ‘पहले एक बार बुलाते थे तो वो घर नहीं लौटता था. अब लौट जाता है, तो तंग क्यों करना.’ पर्यटकाला ‘नाही’ म्हणणारा गाईड मी विदर्भात फार थोड्या वेळा पाहिला आहे.

आत्याला राहवेना. बसून चहा घेताना तिने सरळ विचारलं, ‘भैया, तुमने बाघ मारा है क्या?’ मी डोळे वटारले, पण बाण सुटला होता. थोरला चिडला नाही. सगळेच विचारतात म्हणाला. त्याने तितर, ससे, डुक्कर मारलेत. वाघाचं त्याने हो म्हटलं नाही, आणि पाहुण्यांना हवी असते तशी पश्चात्तापाची गोष्टही रंगवून सांगितली नाही. उलट आत्यालाच विचारलं, तुमच्याकडे जमीन किती? आत्या म्हणाली, सहा एकर, कापूस. ‘मेरे पास छह एकड़ होती तो आप मेरे साथ घूमने नहीं आतीं.’ आत्या गप्प बसली. हे क्वचित होतं.

यातलं अर्थकारण मला समजून घ्यायचं होतं, म्हणून धाकट्याला खोदून विचारलं. फेरी हे वर्षभराचं काम नाही. पार्क 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतं, पावसाळ्यात कुणी येत नाही, उन्हाळ्यात पाहुणे कमी. ज्या दिवशी फेरी आहे त्या दिवशी पैसे. बाकी दिवस मजुरी, घरातल्या बायका माळा-मणी, जडीबुटी विकायला बाहेर जातात. पन्नात पारधी मुलांसाठी वसतिगृहं आहेत, हा धाकटा तिथेच राहून शिकला. आई-वडील फिरतीवर गेले तरी मुलगा शाळेत राहिला, हा त्याच्या मते सगळ्यात मोठा फरक. ‘जंगल दिखाने का काम हम बीस लोग कर सकते हैं. बाकी लोग क्या करेंगे?’ असं त्याने मला उलट विचारलं. वाघ परत येण्यात स्थानिक लोकांचा पाठिंबा होता असं आपण म्हणतो, तेव्हा तो पाठिंबा एकदा मिळवला आणि ठेव पावतीसारखा ठेवून दिला असा काहींचा समज असतो. तो दर हंगामाला नव्याने भरावा लागतो. एक वर्ष पाहुणे आले नाहीत की घरात जुनी विद्या शिल्लक आहेच.

आता तो कापलेला अर्धा गुण. निघताना लॉजच्या बिलात फेरी, चहा, गाडी, ‘अनुभव शुल्क’ असं सगळं एका ओळीत गोळा करून लिहिलेलं. त्यातले वाटाड्यांना किती? रिसेप्शनवरच्याला सांगता येईना, मॅनेजर जेवायला गेलेला. सफारीच्या बाबतीत निदान चित्र साफ आहे. परवाना वेगळा, जिप्सी वेगळी, गाईडची रक्कम वेगळी, आणि गेटच्या उत्पन्नातला वाटा आजूबाजूच्या गावांच्या समित्यांकडे जातो. जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला त्याचाच हिशेब लॉजने दाखवला नाही, याची चीड आली. आम्ही वाटाड्यांना वेगळे पैसे दिले ते त्यांच्या हातात, लॉजच्या टिप-पेटीत नाही.

एक गोष्ट जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाचं दौधन धरण इथेच होतंय, 25 डिसेंबर 2024 ला त्याची पायाभरणी झाली. या वाघ प्रकल्पाचा मोठा तुकडा पाण्याखाली जाणार आहे, गावंही उठणार आहेत. वाटेतल्या चहाच्या टपरीवर आम्ही विचारलं तर दोन माणसांची तीन मतं निघाली. बुंदेलखंडात पाण्याचा दुष्काळ खरा आहे, तो मी विदर्भाची असून नाकारू शकत नाही. पण शून्यावरून पन्नासवर आणलेलं जंगल, आणि त्यासाठी ज्या गावांना ‘तुम्ही आमच्याबरोबर राहा’ म्हटलं तीच गावं आता उठवायची, हा व्यवहार मला तरी पटत नाही. बघायचं असेल तर लांबणीवर टाकू नका.

आपल्याकडेही हे काम सुरू झालंय म्हणून सांगते. 2023 च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. बातम्यांत कॉलर, पिंजरा, मंत्री, फोटो सगळं होतं. नागझिऱ्याच्या आजूबाजूच्या गावांतली किती पोरं त्यामुळे कामाला लागली, हे कुणी छापलं तर मी आवडीने वाचेन.

जाणाऱ्यांसाठी उरलेलं भराभर. गाडीने जबलपूर, कटनीमार्गे रस्ता चांगला आहे, शेवटचा घाट सोडून. रेल्वेने सतन्याला उतरून पुढे गाडी करता येते. विमानाने खजुराहो, तिथून मडला गेट जेमतेम पाऊण तास. बुधवारी दुपारची सफारी नसते, नियोजन त्याप्रमाणे करा. मडल्याला केन नदीत बोटीत बसता येतं, मगरी दिसतात, म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा पर्याय बरा. पन्ना गावात छत्रसालाची राजधानी होती, बाजीरावाच्या निमित्ताने आपल्याला तेवढं माहीत असतंच, पण आम्हाला वेळ उरला नाही. पन्नाचा आवळा प्रसिद्ध आहे. बचत गटांकडची आवळा कँडी आणि मुरब्बा घ्या, लॉजच्या दुकानातली नको, तिथे डबा तोच आणि भाव वेगळा.

पारध्यांच्या फेरीसाठी लॉज ठरवतानाच विचारा, पोचल्यावर नाही. ‘जमवू’ असं मोघम उत्तर आलं तर दुसऱ्या लॉजला फोन लावा. सकाळचीच वेळ मागा, दुपारी वाळूतले माग वाऱ्याने पुसलेले असतात. मळखाऊ रंगाचे कपडे, डोक्याला रुमाल, अत्तर-सेंट नाही. दोन हजारांच्या दुर्बिणीची गरज नाही, ते दाखवतात ते सगळं हाताच्या अंतरावर असतं. आणि बिल करताना वाटाड्यांची रक्कम वेगळ्या ओळीत लिहून मागा. दोघा-चौघांनी मागितली की लॉजवाले आपोआप लिहायला लागतील.